गोळेश्वरची मिरवणूक आणि त्यानंतर

खाशाबा जाधव हेलसिंकीहून पदक घेऊन आले त्याला सत्तर वर्षे उलटून गेली. २३ जुलै १९५२ रोजी ५७ किलो गटाच्या फ्रीस्टाइल कुस्तीत त्यांनी कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. दुसरे यायला १९९६ साल उजाडावे लागले, टेनिसमध्ये, लिअँडर पेसच्या हातून.

कराडला लागून असलेल्या गोळेश्वर गावाने त्यांची मिरवणूक काढली. एरवी पंधरा मिनिटांत संपणाऱ्या वाटेला त्या दिवशी सात तास लागले आणि सजवलेल्या १५१ बैलगाड्या होत्या, असे त्यांचे नातेवाईक सांगत. पैलवानाच्या घरातला धाकटा मुलगा जग पाहून परत आला होता, गाव आनंदाने बेभान झाले होते. त्या सात तासांत खाशाबांच्या मनात काय चालले असेल, हा प्रश्न मला सोडत नाही. कारण ज्या हातांनी त्यांना हार घातले, त्यांतल्या अनेक हातांचे ते देणे लागत होते.

त्याआधीची चार वर्षे पाहिली की हे कळते. १९४८ साली लंडन ऑलिंपिकला ते कोल्हापूरच्या महाराजांच्या मदतीने गेले. लाल मातीत घडलेला हा गडी मॅटवर फारसा खेळलेला नव्हता, तरीही सहावा आला. हेलसिंकीच्या वेळी प्रवासखर्चाची पुरेशी तजवीज झाली नव्हती. खाशाबांना गावोगावी वर्गणी मागत फिरावे लागले. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी तर स्वतःचे राहते घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले. शिष्याच्या पायांत बळ आहे एवढ्या खात्रीवर एका शिक्षकाने आपल्या डोक्यावरचे छप्पर पणाला लावले. आपल्या क्रीडा इतिहासात याहून मोठी गुंतवणूक मला माहीत नाही.

म्हणून मिरवणुकीपेक्षा तिच्यानंतर जे घडले ते मला अधिक महत्त्वाचे वाटते. खाशाबांनी कोल्हापुरात कुस्त्यांचे फड भरवले, स्वतः लढले, जिंकले आणि त्या कमाईतून खर्डेकर सरांचे घर सोडवले. लोक कौतुक करत असताना अवघडल्यासारखे होणे ही आपल्याकडच्या साध्या माणसांची जुनी खूण आहे. ‘मी काय केलं, तुमच्या आशीर्वादानं झालं’ म्हणून ती वेळ निभावून नेता येते. खाशाबांनी हे वाक्य खरे मानले आणि त्याचा हिशेब चुकता केला. गळ्यातल्या हाराला त्यांनी असे उत्तर दिले, म्हणून मला ते पदकाहून मोठे वाटतात.

पुढचा काळ थोडक्यात सांगतो, कारण तो सुखाचा नाही. १९५५ मध्ये ते पोलीस खात्यात फौजदार झाले. बढती मिळायला वर्षानुवर्षे वाट पाहावी लागली, निवृत्तीनंतर पेन्शनसाठीही झगडावे लागले. १९८२ च्या दिल्ली आशियाई खेळांत मशाल नेणाऱ्यांत त्यांना स्थान मिळाले. १४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्त्यावरच्या अपघातात ते गेले.

मोठे सन्मान आले ते त्यानंतर. मरणोत्तर अर्जुन पुरस्कार, २०१० मध्ये दिल्लीच्या इंदिरा गांधी संकुलातल्या कुस्ती आखाड्याला त्यांचे नाव, २०२३ मध्ये १५ जानेवारी हा त्यांचा जन्मदिवस महाराष्ट्राचा राज्य क्रीडा दिन म्हणून जाहीर. गावाने मात्र ते जिवंत असतानाच, पदक हातात असतानाच, बैलगाड्या जुंपल्या होत्या. देशाच्या कितीतरी आधी गोळेश्वरला आपला माणूस कळला, याचे श्रेय त्या गावाला दिलेच पाहिजे.

आज गावोगावी सत्कार होतात. फ्लेक्स लागतात, शाल-श्रीफळ दिले जाते, भाषणे लांबतात आणि सत्कारमूर्ती खाली मान घालून बसलेला असतो. तुमच्या गावात तालमीत किंवा मैदानावर कुणी मुलगा, कुणी मुलगी घाम गाळत असेल, तर मिरवणुकीची वाट पाहू नका. खुराकाचे, प्रवासाचे पैसे आत्ताच गोळा करा. खर्डेकर सरांनी पदक येण्याआधी घर गहाण ठेवले होते, आल्यावर नव्हे.