पासष्ट प्रती, आणि मग बस

लग्नसराई सुरू झाली की नांदुऱ्यात पत्रिका छापणाऱ्याकडे बसायला सवड नसते. टेबलावर चौकटीत ताणलेली बारीक नायलॉनची जाळी असते. कारागीर तिच्या कडेला शाई ओततो, रबरी पट्टीचा स्क्वीजी दाबून ओढतो, चौकट उचलतो. खाली गणपती आणि वधूवरांची नावं उमटलेली असतात. या कामाला स्क्रीन प्रिंटिंग म्हणतात. आणि लंडनमधल्या केल्प्रा स्टुडिओत क्रिस्टोफर प्रेटर या छपाईकाराने एदुआर्दो पाओलोत्सीची चित्रं छापली, तीही याच तंत्राने. आज ती चित्रं युरोपातल्या मोठ्या संग्रहालयांत जपून ठेवलेली आहेत.

पाओलोत्सी हा इटालियन आईबापांचा, स्कॉटलंडमध्ये 1924 साली जन्मलेला मुलगा. मासिकांतल्या जाहिराती, विमानं, यंत्रांची चित्रं तो कापून एकमेकांशेजारी चिकटवी. 1947 च्या त्याच्या एका कोलाजात चक्क ‘पॉप’ हा शब्द आहे, पॉप आर्ट हे नाव रूढ होण्याच्या कितीतरी आधी. 1965 मध्ये त्याने तत्त्वज्ञ विटगेन्श्टाइनवर ‘ॲज इज व्हेन’ ही बारा चित्रांची मालिका काढली. प्रत्येक चित्राच्या प्रती फक्त पासष्ट.

पासष्टच का?

जाळी आधी अंधारात प्रकाशसंवेदी लेपाने माखतात. तिच्यावर काळ्या रेषांची पारदर्शक पॉझिटिव्ह ठेवून उजेड दाखवतात. उजेड लागलेला लेप कडक होतो; काळ्या रेषेखालचा मऊच राहतो आणि पाण्याने धुतला की निघून जातो. जाळीची छिद्रं तेवढ्याच जागी मोकळी होतात, शाई तेवढ्यातूनच झिरपते. प्रत्येक रंगाला वेगळी जाळी, आणि प्रत्येक वेळी कागद अगदी त्याच जागी बसायला हवा. केसभर सरकला तरी डोळ्याला खटकतो. पण एकदा जाळ्या तयार झाल्या की पासष्ट काय, हजारो प्रती निघू शकतात. जुन्या काळी तांब्याच्या पत्र्यावर सुईने ओरखडून काढलेली चित्रं छापता छापता झिजत, म्हणून प्रतींना आपोआप मर्यादा पडे. जाळीला तशी अडचण जवळजवळ नाही. इथे मर्यादा घालतो तो चित्रकार. तो थांबायचं ठरवतो, मग प्रत्येक प्रतीखाली पेन्सिलीने 12/65 असा आकडा लिहितो आणि सही करतो. हा आकडा म्हणजे छपाईचा क्रम असेलच असं नाही. एकूण किती प्रती आहेत, याची ती हमी असते. काही प्रती चित्रकार स्वतःसाठी वेगळ्या राखतो, त्यांवर आर्टिस्ट्स प्रूफचं चिन्ह असतं. हमी मोडू नये म्हणून धातूच्या पत्र्यावर पुष्कळदा शेवटी आडवी रेघ ओढून तो बाद करतात.

मला यातलं खरं नवल वाटतं ते हे, की नांदुऱ्यातली पत्रिकाही मर्यादितच असते. पाचशे छापून झाल्या की कारागीर रसायनाने जाळी धुतो, कारण उद्या दुसऱ्या घरचं लग्न असतं. ती नावं पुन्हा त्या जाळीतून कधीच निघत नाहीत. फक्त त्या पत्रिकांवर कोणी आकडा घालत नाही.

आपल्या महाराष्ट्रात मात्र या मोजक्या प्रतींच्या नेमकं उलट स्वप्न पाहिलं गेलं. राजा रविवर्म्याने 1894 मध्ये मुंबईत जर्मन यंत्रांवर शिळाछापखाना काढला; काही वर्षांत तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथे गुळगुळीत चुनखडीच्या दगडावर तेलकट खडूने चित्र काढत. दगड ओला केला की पाणी कोऱ्या जागी थांबे आणि तेलकट शाई फक्त रेषेवर बसे. इथेही एकेका रंगाला एकेक दगड. पुढे चित्रपट काढणारे दादासाहेब फाळके याच छापखान्यात काम करून गेले. नांदुऱ्याचा 105 फुटी हनुमान पाहायला माणसाला गावापर्यंत यावं लागतं. मळवलीला छापलेल्या लक्ष्मी आणि सरस्वती मात्र स्वतःच घरोघरी गेल्या. ज्याला देवळाच्या गाभाऱ्यात प्रवेश नव्हता, त्याच्याही भिंतीवर त्या लागू शकत होत्या. माझ्या मते छपाईने केलेलं याहून मोठं काम क्वचितच असेल.

हे दोन्ही प्रवाह शेवटी एका माणसाजवळ भेटले. 1934 साली मुंबईत जन्मलेले आणि बडोद्यात हिशेबनीस म्हणून नोकरी करणारे चित्रकार भूपेन खख्खर. साठच्या दशकात त्यांनी बाजारातली देवांची छापील चित्रं कापून आपल्या कोलाजांत चिकटवली. पाओलोत्सी जाहिराती कापत होता, खख्खरांनी आपल्या भिंतीवरचे देव घेतले. 2016 मध्ये लंडनच्या टेट मॉडर्नमध्ये त्यांचं मोठं प्रदर्शन भरलं.

मळवलीच्या चित्रांवर आकडा नव्हता, म्हणून ती कोणी मोजून जपली नाहीत. ओल धरली की काढली, नवं कॅलेंडर आलं की टाकली. 1972 मध्ये तो छापखानाही आगीत गेला. नांदुरा, मलकापूर, खामगाव भागातल्या जुन्या वाड्यांत देवघराच्या वर एखादी काळवंडलेली तसबीर अजून असेल, तर ती उतरवून खालची पांढरी पट्टी वाचा. तिथे रविवर्मा प्रेस, कार्ला-लोणावळा असं बारीक अक्षरात छापलेलं दिसलं, तर ती भंगारात देऊ नका. काचेला चिकटलेला कागद ओढून काढू नका, उन्हातही ठेवू नका, जाणकाराला दाखवा.