सात तासांचं व्हॅलेटा

परदेशच्या सहलींत अलीकडे बोटीच्या सहलीची भर पडली आहे. भूमध्य समुद्रातल्या ह्या प्रचंड बोटी रात्रभर चालतात आणि सकाळी एखाद्या नव्या बंदराला लागतात. आज इटली, उद्या ग्रीस, परवा स्पेन. आपल्यासारख्या घरसंसार करणाऱ्या बायकांना ही सहल आवडते त्याचं कारण अगदी साधं आहे. बॅगा एकदाच उघडायच्या आणि एकदाच भरायच्या! रोज नवं हॉटेल नको, रोज उठून ‘टॉवेल राहिला का, चार्जर घेतला का’ ही यादी नको.

पण ह्या सहलीची खरी परीक्षा असते ती जमिनीवरच्या दिवसाची. सकाळी आठ-नऊला उतरायचं आणि दुपारी चार-पाचच्या आत परत यायचं. म्हणजे हाताशी सहा-सात तास. बरं, बोट लागते ते बंदर आणि आपल्याला बघायचं ते शहर जवळजवळ असेलच असंही नाही. रोमसाठी बोट लागते चिव्हिताव्हेक्कियाला, तिथून रोम सत्तर-ऐंशी किलोमीटर. फ्लॉरेन्ससाठी लिव्होर्नोला उतरा, पुढे आणखी तितकाच किंवा थोडा जास्तच प्रवास. अशा ठिकाणी बोटीवाल्यांनीच ठरवलेली बसची सहल घेणं शहाणपणाचं. ती महाग असते, पण परतायला उशीर झालाच तर बोट आपल्या सहलीच्या माणसांसाठी थांबते. स्वतःच्या जबाबदारीवर फिरायला गेलेल्यांसाठी ती थांबत नाही.

माल्टाची राजधानी व्हॅलेटा ह्याला अपवाद. इथे शहर बंदरातच उभं आहे. बोटीच्या कठड्याला टेकून चहा पिताना समोर तटबंदी दिसते ना, तेच व्हॅलेटा. त्यामुळे इथे बसच्या सहलीचे पैसे वाचवून आपले आपण फिरायचं असं आम्ही घरूनच ठरवलं होतं. आम्ही म्हणजे मी, हे, आमची सहावीतली लेक आणि सत्तरीच्या सासूबाई. सासूबाईंचे गुडघे दुखतात, त्यामुळे ‘आईंना झेपेल का?’ हा प्रश्न प्रत्येक बेताच्या मागे होताच.

धक्क्यापासून बागेपर्यंत

माल्टा हा इटलीच्या सिसिली बेटाच्या दक्षिणेला, साधारण नव्वद किलोमीटरवर असलेला चिमुकला देश. सगळी बेटं धरून क्षेत्रफळ ३१६ चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या मुंबईच्या जवळजवळ निम्मं. आणि व्हॅलेटा ही तर युरोपीय संघातली सगळ्यांत छोटी राजधानी. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत जावं एवढीच.

उतरल्या उतरल्या धक्क्यावर अठराव्या शतकातल्या जुन्या वखारींची रांग लागते. त्यांचे दरवाजे निळे, हिरवे, पिवळे, तांबडे असे रंगवले आहेत. निळा म्हणजे मासळी, हिरवा भाजीपाला, पिवळा गहू आणि तांबडा दारू. वाचता न येणाऱ्या हमालालाही माल कुठे ठेवायचा ते कळावं, अशी ही सोय. आपण नाही का डब्यांची झाकणं वेगवेगळ्या रंगांची ठेवत?

शहर वर, टेकाडावर. चढ पाहून सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. पण धक्क्याच्या काठाकाठाने थोडं चाललं की एक मोठी लिफ्ट आहे. २०१२ साली बांधलेली ही बराक्का लिफ्ट अठ्ठावन्न मीटर उंची अर्ध्या मिनिटाच्या आत चढते आणि थेट एका बागेत नेऊन सोडते. तिचं तिकीटही किरकोळ आहे. पायऱ्या चढून दमण्यापेक्षा ते पैसे जरूर खर्च करावेत.

ही अपर बराक्का बाग म्हणजे शहराचा सज्जाच. खाली निळंशार बंदर, पलीकडे तीन जुनी गावं आणि सगळ्या इमारती एकाच मधाळ रंगाच्या दगडाच्या. आमची एवढी थोरली बोट वरून खेळण्यातल्यासारखी दिसत होती.

ह्याच बंदराशी आपल्या मुंबईचं एक जुनं नातं आहे. १८७८ साली रशिया आणि तुर्कस्तान ह्यांच्या भांडणात इंग्रजांनी मुंबईहून सुमारे सात हजार हिंदी सैनिक बोटींत घालून माल्टाला आणले होते. प्रत्यक्ष लढाई झाली नाही. पण आपली ही माणसं ह्याच तटाखाली उतरली असतील, ह्या विचाराने मला तरी ते पाणी थोडं ओळखीचं वाटलं.

विहीर असेल तरच घर

१५६५ साली तुर्कांनी माल्टाला वेढा घातला. बेटावर तेव्हा सेंट जॉनच्या सरदारांचं राज्य होतं. महिनोन् महिने झुंजून त्यांनी तो वेढा परतवला आणि पुन्हा अशी पाळी येऊ नये म्हणून १५६६ साली नवं तटबंद शहर वसवायला घेतलं. त्यांच्या प्रमुखाचं नाव ला व्हॅलेट, त्यावरून व्हॅलेटा. आधी कागदावर आखून मग बांधलेलं हे शहर असल्यामुळे रस्ते पाटीवरच्या रेघांसारखे सरळ आहेत. कोणत्याही गल्लीच्या तोंडाशी उभं राहिलं की टोकाला समुद्राचा तुकडा दिसतो.

मला विशेष वाटलं ते त्या काळच्या एका नियमाचं. प्रत्येक घराखाली पावसाचं पाणी साठवायची विहीर असलीच पाहिजे! बेटावर नदी नाही, पाऊस बेताचा. शत्रूने वेढा घातला तर शहर तहानेने मरायला नको, हा हिशेब. आजही तिथे पाण्याची चणचण आहेच. नळाच्या पाण्यात समुद्राचं खारेपण काढलेलं पाणी मोठ्या प्रमाणावर असतं. ते पिण्याजोगं असतं, पण आपल्या जिभेला चव वेगळी लागते.

घरांना लाकडी, चहूकडून बंद असे सज्जे आहेत. हिरवे, तांबडे, निळे. आत बसून रस्ता बघता येतो, रस्त्यावरच्याला मात्र आतली बाई दिसत नाही. आपल्या जुन्या वाड्यांच्या माडीवरच्या खिडक्यांची आठवण झाल्याशिवाय राहत नाही.

मुख्य रस्त्यावर सरदारांच्या प्रमुखाचा राजवाडा आहे. राष्ट्रपतींची कचेरी इथलीच. १९८२ ते १९८७ ह्या काळात अगाथा बार्बरा नावाच्या बाई माल्टाच्या राष्ट्रपती होत्या. मूळच्या शाळामास्तरीण! १९४७ साली तिथल्या बायकांना पहिल्यांदा मताचा अधिकार मिळाला आणि त्याच निवडणुकीत ह्या निवडून आल्या. देशाच्या पहिल्या स्त्री राष्ट्रपतीही त्याच. अर्धवेळ का होईना, पण मीही शिकवते, त्यामुळे हे वाचून मला उगीचच अभिमान वाटला. पण सगळं काही असं झटपट झालं नाही. घटस्फोटाचा कायदा ह्या देशात आला तो थेट २०११ साली, तोही सार्वमत घेऊन.

जवळच्या चौकात व्हिक्टोरिया राणीचा संगमरवरी पुतळा आहे. तिच्या अंगावर शिल्पकाराने माल्टाच्या लेसची शाल कोरली आहे. ही लेस छोट्या लाकडी रिळांवर दोरे गुंडाळून हाताने विणतात. खरी हातची लेस महाग असते. यंत्राची स्वस्त लेस तीच म्हणून खपवली जाऊ शकते, तेव्हा विचारूनच घ्यावी. मी एक लहानसा रुमाल घेतला, तो आता देवघरातल्या फोटोखाली आहे.

देऊळ आणि दवाखाना

सेंट जॉनचं चर्च बाहेरून अगदी साधं, किल्ल्यासारखं. आत पाऊल टाकलं की डोळे दिपतात. भिंती, कमानी, छत, सगळं सोनेरी. पायाखाली रंगीत संगमरवराच्या सुमारे चारशे समाध्या. लेक आधी पाय ठेवायला तयारच होईना. ह्या फरशीला इजा होऊ नये म्हणून टोकदार टाचांच्या चपला घालून आत सोडत नाहीत आणि खांदे झाकलेले लागतात. आपल्या साडीला किंवा पंजाबी ड्रेसला काहीच अडचण नाही. रविवारी मात्र प्रवाशांना चर्च बंद असतं.

इथे काराव्हाज्जो ह्या इटालियन चित्रकाराने १६०८ साली काढलेलं संत जॉनच्या शिरच्छेदाचं चित्र आहे. पाच मीटरहून रुंद. त्याची सही असलेलं हे एकमेव चित्र, आणि ती सही त्याने चित्रातल्या रक्ताच्या ओघळात केली आहे. चित्रात एक म्हातारी आहे. तिने दोन्ही हातांनी डोकं धरलंय. बाकी सगळे आपापलं काम करताहेत, हळहळते आहे ती फक्त ती. सासूबाई तिच्याकडेच बघत राहिल्या.

गावाच्या खालच्या टोकाला ह्या सरदारांचा दवाखाना आहे. एकच दालन, दीडशे मीटरहून लांब! रोग्यांना जेवण चांदीच्या ताटांत वाढत, कारण रोगी हा धनी आणि आपण त्याचे सेवक, अशी ह्या पंथाची शिकवण. १७९८ साली नेपोलियनने बेट घेतलं आणि ती चांदी वितळवली गेली.

पोटपूजा

शाकाहारी माणसाला व्हॅलेटात उपाशी राहावं लागत नाही. ‘पस्तित्सी’ नावाची पापुद्र्याची पेस्ट्री गल्लोगल्ली मिळते. आत रिकोटा चीज किंवा वाटाण्याचं सारण. गरमागरम आणि स्वस्त. फक्त काही ठिकाणी पिठात चरबी घालतात, ते आधी विचारून घ्यावं. ‘इमारेत’ म्हणजे खजुराचं सारण भरून तळलेला गोड प्रकार, थेट आपल्या करंजीची मावसबहीण! तिळाच्या गोड वडीला तर ते ‘हेल्वा’च म्हणतात. माल्टाची भाषा लिहितात रोमन लिपीत, पण मूळ अरबीचं. त्यामुळे ‘दिन्या’ म्हणजे दुनिया आणि ‘क्तिएब’ म्हणजे किताब. लेकीला पाट्यांवर असे शब्द शोधायचा नादच लागला. इंग्रजी मात्र सगळ्यांना येते, त्यामुळे कुठे अडत नाही.

आम्ही खाऊ बांधून घेतला आणि पुन्हा बागेत येऊन झाडाखाली बसलो. बरोबर बारा वाजता खालच्या बुरुजावरची तोफ उडते, ती तिथून छान दिसते.

वेढ्यातलं स्वयंपाकघर

जेवताना मी सासूबाईंना दुसऱ्या महायुद्धाची गोष्ट सांगितली. ती मी घरून वाचूनच आले होते. माल्टा तेव्हा इंग्रजांकडे. १९४० पासून ह्या बेटावर बाँबचा पाऊस पडत होता. माणसं खडकात खोदलेल्या तळघरांत राहत. धान्य आणणाऱ्या बोटी वाटेतच बुडत. १९४२ साली पावावरही रेशन आलं. चुलीला रॉकेल नाही, शिजवायला काही नाही. मग सरकारने ‘व्हिक्टरी किचन’ नावाची सार्वजनिक स्वयंपाकघरं काढली. बाईने आपल्या रेशनचा वाटा तिथे द्यायचा आणि भांडं घेऊन रांगेत उभं राहायचं. पुढे तर दीड लाखाहून जास्त माणसं ह्या स्वयंपाकघरांवर जेवत होती. अन्न पातळ, थोडं आणि बेचव. बायका कुरकुरत, पण दुसरा इलाज नव्हता. ऑगस्ट १९४२ मध्ये चौदा मालवाहू बोटी निघाल्या, त्यांतल्या पाचच पोचल्या. शेवटची, तेलाची ‘ओहायो’, मोडक्या अवस्थेत दोन्ही बाजूंनी धरून ह्याच बंदरात आणली. तारीख होती १५ ऑगस्ट.

सासूबाई बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “बहात्तरच्या दुष्काळात आमच्याकडे मिलो यायचा. तांबडी ज्वारी, परदेशातली. भाकरी थापली की तुटायची. आई सगळ्यांना वाढून झाल्यावर ‘मला भूक नाही’ म्हणायची. तेव्हा आम्हाला ते खरंच वाटायचं.”

ह्या घरात येऊन मला चौदा वर्षं झाली, पण हे मी कधी ऐकलं नव्हतं. लेकीने हातातली अर्धी राहिलेली पस्तित्सी मुकाट्याने संपवली.

नंतर टॅक्सी करून आम्ही टोकाच्या सेंट एल्मो किल्ल्यात गेलो. तिथल्या युद्धसंग्रहालयात माल्टाच्या जनतेला १९४२ साली मिळालेला जॉर्ज क्रॉस ठेवला आहे. पदक एका माणसाला नाही, सगळ्या बेटाला मिळालं. त्यात रांगेत भांडं घेऊन उभ्या राहिलेल्या बायकाही आल्याच.

जाणाऱ्या मैत्रिणींसाठी

* माल्टा शेंगेन देशांत येतो. बोट मध्येच तुर्कस्तानसारख्या बाहेरच्या देशात जात असेल, तर पुन्हा आत येता येईल असाच व्हिसा घ्यावा.
* बोटीवरचं घड्याळ आणि गावातलं घड्याळ एकच आहे ना, ते उतरण्यापूर्वी पाहावं. परतीच्या वेळेआधी तासभर तरी धक्क्यावर असावं.
* बोटीचं कार्ड प्रत्येकाच्या जवळ हवं. बंदराचं नाव आणि परतीची वेळ मुलांच्या खिशात चिठ्ठीवर लिहून ठेवावी.
* दगड गुळगुळीत आणि गल्ल्या उताराच्या. तळवा न घसरणारे बूट घालावेत. उन्हाळ्यात टोपी आणि पाण्याची बाटली विसरू नये.
* चलन युरो. नाणी जवळ असावीत.
* म्दिना हे जुनं गाव बसने गाठता येतं. पण बरोबर वडीलधारी माणसं किंवा लहान मुलं असतील तर एका दिवसात दोन्हींचा हट्ट धरू नये.

आणि एक शेवटचं. अशा दिवशी घाईघाईने दहा ठिकाणं बघण्यापेक्षा तीनच बघावीत आणि मध्ये तासभर कुठेतरी सावलीला बसावं. घरात रोजच्या धबडग्यात एकमेकींशी बोलायचं राहून जातं. ते बोलणं कधीकधी अशा परक्या गावच्या बाकावर निघतं.