घोड्याखालचा दगड

सायकलच्या दुकानात चाक उघडायचं झालं की कारागीर आधी एक ताटली पुढे ओढतो. तिच्यात रॉकेल असतं आणि आसातून सुटलेले छर्रे त्यात टपटप पडतात. लहानपणी मी ते मोजत बसायचो. वाटाण्यापेक्षा लहान पोलादी गोळ्या. पण आख्खा माणूस, त्याचं दप्तर आणि कॅरिअरवर बसलेली धाकटी बहीण एवढा सगळा भार त्यांच्यावरून बिनतक्रार फिरतो, याचं मला भारी नवल वाटायचं. पुढे कळलं की, अडीचशे वर्षांपूर्वी माणसांनी असेच छर्रे, फक्त बेलफळाएवढे, घडवून त्यांवरून सुमारे १२५० टनांचा एक दगड चालवत नेला होता. हिशेब करायचा तर मालाने भरलेले पन्नासेक दहाचाकी ट्रक. पण ट्रक निदान पन्नास वेळा वेगवेगळे नेता येतात. हा एकच होता, आणि तो फोडायला परवानगी नव्हती.

तो दगड आज रशियातल्या सेंट पीटर्सबर्ग शहरात, नेवा नदीच्या काठच्या सिनेट चौकात आहे. त्याच्यावर मागच्या पायांवर उभा राहिलेला ब्राँझचा घोडा आणि घोड्यावर झार पीटर, म्हणजे १७०३ मध्ये दलदलीत हे शहर वसवणारा राजा. चौकात येणारा प्रत्येकजण मान वर करून राजाकडे बघतो. पुतळ्याची रचनाच तशी आहे. माझं म्हणणं एवढंच, की थोडं खाली बघा.

पुतळा उभारायचं मनात आणलं ते कॅथरीन दुसरीने. ती जन्माने जर्मन राजकन्या, नवऱ्याला पदच्युत करून गादीवर बसलेली. तेव्हा आपण पीटरच्याच वारसदार आहोत हे जगाला दाखवणं तिला गरजेचं होतं. तत्त्वज्ञ दिदरोच्या शिफारशीवरून तिने पॅरिसहून एत्येन फाल्कोने या शिल्पकाराला बोलावलं. तो १७६६ मध्ये आला तो डोक्यात कल्पना घेऊनच. भोवती पराक्रमाच्या, न्यायाच्या, प्रेमाच्या मूर्तींची गर्दी नको. एक कडा, त्यावर भरधाव चढून टोकाशी उधळलेला घोडा, आणि पुढे केलेला राजाचा हात. बस. दरबारातल्या बेत्स्कोय नावाच्या बड्या अधिकाऱ्याला हे पटेना. त्याची एक सूचना इतिहासात टिकून राहिली आहे: पीटरचा उजवा डोळा नौदलाच्या इमारतीकडे असावा आणि डावा सरकारी खात्यांच्या इमारतीकडे. सूचना मानली असती तर रशियाचा महान सम्राट तिरळा झाला असता. फाल्कोनेने तिची यथेच्छ टिंगल केली. पुतळा-समित्या सगळीकडे सारख्याच, हे वाचून मला बरं वाटलं.

घोडा मागच्या पायांवर उभा असा ओतणं हे त्या काळी जवळजवळ अघोरी धाडस होतं. तीन पायांवरचा घोडा सोपा. रोमन सम्राट मार्कस ऑरेलियसचा तसा आहे. दोन पायांवर टनावारी धातू तोलायचा म्हणजे तो पुढे कोसळणार किंवा घोट्यात मोडणार. माद्रिदमध्ये राजा चौथ्या फिलिपचा असा एक पुतळा १६४० च्या सुमारास झाला होता. त्याच्या तोलाबद्दल खुद्द गॅलिलिओचा सल्ला घेतला होता असं सांगतात. युक्ती समजायला साधी आहे. घोड्याचं पुढचं अंग पातळ ओतायचं आणि मागचं जाड, म्हणजे वजनाचा मध्य मागच्या पायांच्या वर येऊन बसतो. फाल्कोनेने तेच केलं. पुढच्या भागात ब्राँझचा पत्रा एक सेंटिमीटरहूनही पातळ आहे. शिवाय त्याने तिसरा टेकू शोधला. घोड्याच्या मागच्या पायाखाली एक साप चिरडलेला दिसतो. मार्गदर्शक त्याचा अर्थ सांगतात: पीटरच्या सुधारणांना विरोध करणारे दुष्ट लोक. अर्थ खराच, पण साप वळसे घेत वर येतो आणि घोड्याच्या शेपटीला टेकतो. म्हणजे शेपूट, साप, दगड अशी ती गुपचूप तिसरी तंगडी आहे. शत्रूलाच खांब म्हणून उभं केलेलं! तो साप फ्योदोर गोर्देयेव या रशियन शिल्पकाराने घडवला.

(आपल्याकडे फिरणारी ती समजूत इथे आठवतेच: पुतळ्यातल्या घोड्याचे दोन पाय वर असतील तर स्वार रणात पडलेला, एक वर असेल तर जखमांनी गेलेला. पीटर १७२५ मध्ये मूत्रविकाराने, आपल्या राजवाड्यात बिछान्यावर गेला. घोड्याने पाय उचलले ते शिल्पकाराच्या सांगण्यावरून.)

अशा घोड्याचं चित्र तरी कसं काढायचं? जिवंत घोडा क्षणभर उभा राहतो आणि खाली येतो. फाल्कोनेने कामाच्या जागेजवळ नियोजित कड्याच्या उतारासारखा मातीचा चढ करून घेतला. राजघराण्याच्या तबेल्यातले उत्तम घोडे आणून स्वार तो चढ दौडत यायचे, टोकावर लगाम खेचायचे, आणि फाल्कोने त्या पळभरात पाहिलेलं रेखाटून घ्यायचा. पुन्हा, पुन्हा, शेकडो वेळा. घोडा साधला, पण माणूस साधेना. राजाच्या चेहऱ्याचे त्याचे नमुने कॅथरीनने नाकारले. शेवटी चेहरा घडवला तो त्याच्याबरोबर पॅरिसहून आलेल्या शिष्येने, मारी-आन कोलोने. पीटर्सबर्गला आली तेव्हा ती अठरा वर्षांची होती. पीटरच्या मृत्युमुखवट्यावरून तिने केलेला चेहरा राणीला पसंत पडला. सगळा चौक ज्या तोंडाकडे मान वर करून बघतो, ते एका पोरसवदा मुलीच्या हातचं आहे.

आता दगड.

फाल्कोनेच्या हिशेबात कडा अनेक दगड जोडून होणार होता. त्याची तक्रारही नव्हती. पण अखंड शिळा मिळाली तर पाहावी म्हणून शोध सुरू झाला आणि १७६८ मध्ये सेम्योन विश्न्याकोव नावाच्या शेतकऱ्याने खबर दिली. फिनलंडच्या आखाताजवळ लाख्ता गावच्या दलदलीत एक प्रचंड ग्रॅनाइट अर्धाअधिक रुतून पडला होता, वर शेवाळ चढलेलं. वीज पडून त्याला तडा गेला होता म्हणून गावकरी त्याला ‘मेघगर्जनेचा दगड’ म्हणत. विश्न्याकोवला १०० रुबल मिळाले.

फाल्कोनेचं मत, दगड जागेवरच घडवू, हलका झाला की नेऊ. कोणीही शहाणा पाथरवट हेच सांगेल. राणीचा हुकूम उलटा: आधी आहे तसा हलवा, मग छिन्नी लावा. तिला दगडाएवढीच त्याची वरात हवी होती. दगड हलवण्याची रीत सुचवणाऱ्याला ७००० रुबलांचं बक्षीस जाहीर झालं. काम मिळालं मारिनोस कारबुरी या ग्रीक अधिकाऱ्याला. तो एका गुन्ह्यापायी परागंदा होऊन, नाव बदलून रशियात आलेला होता. छर्र्यांची कल्पना त्याने एका लोहाराकडून स्वस्तात उचलली, असंही सांगितलं जातं. लोहाराचं नाव कुठे सापडत नाही.

कल्पना कोणाचीही असो, तिची खुबी पाहण्यासारखी आहे. जड वस्तू घासत न्यायची तर ती प्रत्येक इंचाला जमिनीशी भांडते. ओंडके खाली घातले तर भांडण कमी होतं, पण एवढ्या भाराखाली ओंडके चेपतात, तिरके होतात, एकमेकांत अडकतात. गोळ्याचं तसं नाही. तो जेमतेम एका ठिपक्याएवढा टेकतो आणि पन्हळीत बसवला की वाट सोडत नाही. कारबुरीने जाड तुळयांत पन्हळी कोरून त्यांना आतून धातूचा पत्रा मढवला. दगड ज्या सांगाड्यावर चढवला होता त्याच्या खालच्या बाजूलाही तशाच पन्हळी. मधोमध ब्राँझचे साडेतेरा सेंटिमीटर व्यासाचे गोळे. सायकलच्या आसात जे गोल फिरतं, ते इथे सरळ रेषेत अंथरलेलं होतं. मागच्या तुळया मोकळ्या झाल्या की उचलून पुढे मांडायच्या, आणि दगड पुन्हा थोडा सरकवायचा.

पाया मात्र घट्ट हवा. आपल्याकडे रस्त्याची कामं पाऊस संपायची वाट बघतात, तिथे ती थंडीची वाट बघत होती. दलदल गोठल्यावर, १७६९ च्या नोव्हेंबरात दगड निघाला. चारशे माणसं कामाला होती. दोन उभ्या रहाटांना प्रत्येकी बत्तीस जण दांडे रेटत दोरखंड गुंडाळत होते. दगडावर उभे राहून ढोल वाजवणारे इशारा द्यायचे, एका ठोक्यासरशी सगळ्यांनी ओढायचं. वरती चक्क एक लोहारभट्टी पेटलेली, हत्यारं पाजवायला. आणि राणीच्या ‘मग’ची वाट न बघता पाथरवट चालत्या दगडावर बसून छिन्नी चालवत होते. चांगल्या दिवशी मजल दीडशे मीटरची. सहा-आठ किलोमीटरच्या त्या वाटेला मार्चअखेर उजाडली. २० जानेवारी १७७० रोजी कॅथरीन स्वतः बघायला आली. त्या दिवसाचं एक पदक पाडलं गेलं, त्यावरच्या मजकुराचा भाव ‘धाडसाजोगं’ असा आहे.

किनाऱ्यावर नवी पंचाईत. दगड खास बांधलेल्या तराफ्यावर घेतला, तर सगळा भार मध्यावर पडून तराफ्याची दोन्ही टोकं उचलली गेली आणि पोट पाण्यातच राहिलं. भार लांबवर वाटला जाईल असे लाकडी टेकू देऊन तो पुन्हा तरंगवला, दोन बाजूंना दोन जहाजं बांधली, आणि सप्टेंबरात नेवा नदीतून दगड शहरात उतरला.

त्यानंतर पुतळ्याचं ओतकाम. १७७५ मध्ये वितळलेलं ब्राँझ साच्यात सोडलं असता नळी फुटली, धातू बाहेर वाहू लागला, आग लागली आणि माणसं पळाली. तोफा ओतणारा येमेल्यान खाइलोव तेवढा जागचा हलला नाही. भाजत असतानाही चिरा बुजवत राहिला. पुतळ्याचा खालचा मोठा भाग त्याच्यामुळे वाचला, वरचा भाग दोन वर्षांनी पुन्हा ओतावा लागला. फाल्कोने राणीशी बिनसून १७७८ मध्ये रशिया सोडून गेला. अनावरण झालं १७८२ मध्ये, पीटरच्या राज्यारोहणाच्या शताब्दीला, आणि त्या समारंभात शिल्पकार नव्हता. त्याच वर्षी कारबुरीचा आपल्या मायदेशी, केफालोनिया बेटावर, त्याच्याच मळ्यातल्या मजुरांनी खून केला. दगडावर एका बाजूला लॅटिनमध्ये आणि दुसऱ्या बाजूला रशियनमध्ये, वर्षाखेरीज फक्त इतकं कोरलंय: पीटर पहिला यास कॅथरीन दुसरी. दोनच नावं.

पुढचं शहराला ठाऊक आहे. १८२५ मध्ये याच चौकात झारविरुद्ध उठलेल्या सैनिकांवर तोफा चालल्या. १८३३ मध्ये पुश्किनने या पुतळ्यावर दीर्घकाव्य लिहिलं आणि तेव्हापासून तो ‘ब्राँझचा घोडेस्वार’ झाला. दगडाला नावात जागा उरली नाही. दुसऱ्या महायुद्धात शहराला पडलेल्या वेढ्यात लोकांनी पुतळ्याला वाळूच्या पोत्यांनी आणि फळ्यांनी झाकून घेतलं.

दगडाच्या वाटेवर पडलेल्या ढलप्या मात्र तेव्हाच लोकांनी वेचून नेल्या होत्या. हौशी मंडळींनी त्या घासून-पुसून काठ्यांच्या मुठी, बाह्यांची बटणं, कानातले डूल करून घेतले. आणि लाख्ताला, जिथून दगड उपसला, तिथे झालेल्या खड्ड्यात पाणी साचलं. ते तळं अजून आहे. त्याला पीटरचं तळं म्हणतात.