चिमणीची पेटी रिकामी का राहते?



दरवर्षी २० मार्चला जागतिक चिमणी दिवस असतो. हा दिवस २०१० पासून साजरा होतो आणि त्यामागे नाशिकच्या मोहम्मद दिलावर यांचा पुढाकार आहे, हे आपण मराठी मंडळींनी लक्षात ठेवण्यासारखे आहे. त्या सुमारास मुले हौसेने पेट्या तयार करतात, गॅलरीत टांगतात आणि चिमणीची वाट पाहतात. पुष्कळ पेट्या रिकाम्याच राहतात. मग मुले हिरमुसतात आणि ‘आता चिमण्या उरल्याच नाहीत’ असे मोठी माणसे सांगून टाकतात.

हे पूर्ण खरे नाही. भारतातील पक्ष्यांच्या स्थितीचा जो मोठा अहवाल २०२० मध्ये प्रसिद्ध झाला, त्याप्रमाणे देशभरात चिमण्यांची संख्या साधारण टिकून आहे. घट झाली ती मुंबई, दिल्लीसारख्या महानगरांत. म्हणजे शहरातच काहीतरी कमी पडते आहे.

पहिली कमी जागेची. चिमणी भोकात, फटीत घरटे करणारा पक्षी आहे. आपल्या जुन्या इंदुरात लाकडी तुळया होत्या, कवेलूंची छपरे होती, भिंतीत कोनाडे होते, तसबिरीमागेही जागा मिळायची. सिमेंटच्या गुळगुळीत भिंतीत तिने शिरायचे कुठे? पेटी ही त्या फटीच्या जागी आहे, एवढे समजले की ती कशी करायची तेही समजते.

पेटी लाकडाची, अर्ध्या इंचाच्या फळीची असावी. आतून साधारण पाच इंच लांब-रुंद आणि नऊ-दहा इंच उंच पुरे. सगळ्यात महत्त्वाचे भोक. ते ३२ मिलिमीटर, म्हणजे सव्वा इंच, आणि तळापासून सहा इंच वर. मुलांना वाटते मोठे दार म्हणजे चांगले दार. पण मोठ्या भोकातून साळुंकी आत शिरते आणि कावळ्याची चोच पिल्लांपर्यंत पोहोचते. भोकाखाली बसायला काडी लावू नये. बाजारच्या पेटीला ती शोभेसाठी असते. चिमणीला तिची गरज नाही, शत्रूला मात्र आधार मिळतो.

थोड्या मिलिमीटरने काय बिघडते, असे कोणी विचारील. अमेरिकेत लोक परसात ‘रेन’ नावाच्या इवल्या तपकिरी पक्ष्यासाठी पेट्या लावतात. तो आपल्या चिमणीच्या निम्म्याहून कमी वजनाचा. त्याच्या पेटीचे भोक २८ मिलिमीटरच ठेवतात, कारण ३२ केले की चिमणी आत येऊन त्याला हुसकावते! १८५१-५२ च्या सुमारास इंग्लंडहून नेऊन ब्रुकलिनमध्ये सोडलेल्या चिमण्यांचा हा वंश. आपण जिला बोलावतो, तिला तिथे दाराबाहेर ठेवतात.

पेटी आठ-दहा फुटांवर, भिंतीला पक्की बसवावी. वाऱ्याने झुलू नये. तोंड उत्तरेला किंवा पूर्वेला. माळव्यातल्या मे महिन्याचे दुपारचे ऊन पश्चिमेच्या पेटीवर पडले तर आतली पिल्ले भाजून निघतील. पत्र्याचे डबे याच कारणाने नकोत. छपराखाली दोन-तीन बारीक भोके हवेसाठी, तळाला कोपऱ्यात पाणी निथळण्यासाठी. चिमण्यांना शेजार आवडतो, तेव्हा दोन-तीन पेट्या जवळजवळ लावल्या तरी चालते. पंखा चालू असलेल्या खोलीत मात्र कधीही नको.

आता दुसरी कमी, जिच्याकडे सहसा लक्ष जात नाही. मोठी चिमणी दाणे खाते, पण पिल्लांना पहिल्या दिवसांत किडे, अळ्या, मावा लागतो. मादी चार-पाच अंडी घालते, ११ ते १४ दिवसांत पिल्ले बाहेर येतात आणि पुढे सुमारे दोन आठवडे नर-मादी दोघे चोचीतून किडे आणून भरवतात. ज्या बंगल्यात सर्वत्र फरशी आणि कुंड्यांवर दर आठवड्याला औषध फवारलेले, तिथे हे किडे यायचे कुठून? म्हणून आमचे मत असे, की पेटी एक कमी लावा, पण मेंदीचे किंवा जास्वंदीचे एक कुंपण बिनफवारणीचे राहू द्या. हातभर कोरडी मातीही मोकळी ठेवा. चिमण्या धुळीत अंघोळ करतात.

दाण्यांत बाजरी, ज्वारी, तांदळाची कणी चांगली. इंदूरकरांचा हात आधी शेवेकडे जातो हे आम्ही जाणतो, पण खारट-तिखट शेव पक्ष्यांना घालू नये. पाण्याचा सकोरा उथळ असावा, मधे एक दगड ठेवावा आणि पाणी रोज बदलावे.

पेटीत चिमणी आली की रोज झाकण उघडून पाहण्याचा मोह होतो. तो आवरावा; येणे-जाणे लांबून पाहून वहीत लिहावे. उघडे, बिनपिसांचे पिल्लू खाली पडले तर हलक्या हाताने परत ठेवावे. माणसाने शिवलेले पिल्लू आई टाकून देते ही समजूत चुकीची आहे. पिसे आलेले पिल्लू जमिनीवर फडफडत असेल तर ते उडायला शिकते आहे. मांजरापासून दूर, जवळच्या झुडपात ठेवून आपण बाजूला व्हावे. पिल्ले उडून गेली आणि पेटी खरोखर रिकामी झाली, म्हणजे जुने गवत काढून गरम पाण्याने धुवावी. नाकाला रुमाल बांधावा. फिनाइल वापरू नये.

शाळेच्या व्हरांड्यात पेट्या लावू तेव्हा पिल्ले उडेपर्यंत त्या बाजूची पुताई पुढे ढकलू. प्रश्न राहतो उन्हाळ्याच्या सुट्टीचा, कारण पिल्लांचे दिवस आणि आपली सुट्टी एकाच वेळी येतात. शाळेजवळ राहणाऱ्या ज्या मुलांना सकाळी सकोरे भरण्याची पाळी घेता येईल, त्यांनी पालकांना विचारून आपली नावे वर्गशिक्षकांकडे द्यावीत.