कुंपणे, नजराणे आणि केटचे बंड

राजाने लढाई केली की तिचा इतिहास लिहिला जातो. गरिबांनी बंड केले की त्यांच्यावरची फिर्याद लिहिली जाते. इंग्लंडातील नॉरफोक परगण्यात १५४९ च्या उन्हाळ्यात शेतकऱ्यांनी मोठे बंड केले. १५७५ साली अलेक्झांडर नेव्हिल याने त्याचा वृत्तान्त लॅटिनमध्ये लिहिला आणि ग्रंथाच्या नावातच नॉरफोकच्या लोकांचा 'उन्माद' हा शब्द घातला. एकदा उन्माद म्हटले की कारण विचारण्याची जरुरी उरत नाही. वेड लागलेल्या माणसांशी वाटाघाट कोण करणार? कामगार चळवळीत आमची तीस वर्षे गेली, आणि संपाच्या दुसऱ्या दिवशीच्या बातम्यांत हा शब्द निरनिराळ्या वेषांत आम्ही पुष्कळदा पाहिला आहे. म्हणून, ज्या विद्वानाने या तथाकथित उन्मादामागचा जमाखर्च शोधून काढला त्याच्या संशोधनाची ओळख येथे करून द्यावी असे आम्ही ठरविले. आर. एच. टॉनी हे त्यांचे नाव. आणि सोळाव्या शतकातील इंग्लंडच्या शेतजमिनीच्या प्रश्नावरचा त्यांचा ग्रंथ १९१२ साली प्रसिद्ध झाला.

टॉनींचा जन्म १८८० साली कलकत्त्यास झाला. त्यांचे वडील चार्ल्स हेन्री टॉनी हे तेथील प्रेसिडेन्सी कॉलेजचे प्राचार्य. सोमदेवाचा 'कथासरित्सागर' इंग्रजीत आणणारे ते हेच. मुलगा ऑक्सफर्डला शिकला, पण त्याची खरी परीक्षा झाली ती कामगारांच्या वर्गात. १९०३ साली निघालेल्या कामगार शिक्षण संघटनेच्या वतीने टॉनी १९०८ पासून लाँग्टन आणि रॉचडेल या दोन गावी वर्ग घेऊ लागले. रॉचडेल म्हणजे सहकारी चळवळीचे माहेर, हे आपल्याकडील सहकारी कार्यकर्त्यांना सांगावयास नको. लाँग्टन हे कुंभारकामाचे गाव. दिवसभर घाम गाळून आलेली माणसे पुढ्यात बसत आणि शिक्षकाचे प्रत्येक वाक्य घासून पाहत. आपल्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत टॉनींनी विणकर, कुंभार, खाणकामगार आणि यंत्रकामगार यांचे ऋण मोकळ्या मनाने मान्य केले आहे. हा केवळ शिष्टाचार नव्हे. कामगारांच्या प्रश्नांनी टोचलेला माणूसच दप्तरखान्यात जाऊन जमिनीच्या वह्या अशा चिकाटीने चाळतो.

त्या वह्यांत त्यांना काय सापडले? त्या काळी इंग्लंडातील बहुतेक खेडी कोणत्या ना कोणत्या 'मॅनर'मध्ये मोडत. मॅनर म्हणजे एका धन्याची जहागीर, असे ढोबळपणे समजावे. टॉनींनी शंभरावर मॅनरांच्या पाहणीपत्रकांतून सहा हजारांवर कुळे मोजली. त्यांत पाचांतील जेमतेम एक पक्क्या मालकीहक्काचा होता. मुदतीच्या पट्ट्याने जमीन धरणारे त्याहूनही थोडे. पाचांतील तीन जण मात्र रूढीने, म्हणजे वहिवाटीने, जमीन कसणारे होते. यांतील पुष्कळांचे नाव मॅनरच्या न्यायसभेच्या वहीत लिहिलेले असे आणि त्या नोंदीची नक्कल कुळाच्या हाती असे. म्हणून त्यांना 'कॉपीहोल्डर' म्हणत. नकलेवर जमीन धरणारे.

आता या नकलेत किती बळ होते हे पाहू. कुळाचा वार्षिक सारा रूढीने बांधलेला असे. धन्याला तो मनास येईल तसा वाढविता येत नसे. दुसरी रक्कम नजराण्याची. बाप वारला आणि मुलगा नाव लावावयास आला, किंवा जमीन हातपालट झाली, म्हणजे नजराणा द्यावा लागे. काही मॅनरांत नजराणाही बांधलेला होता, तर काही ठिकाणी तो धन्याच्या मर्जीवर होता. भाव स्थिर होते तोवर हा भेद कोणाला फारसा जाणवला नाही. परंतु सोळाव्या शतकात इंग्लंडात भाव चढू लागले. शतकअखेरीस ते आरंभीच्या चौपटीच्या पुढे गेले. बांधलेला सारा तेथेच राहिला आणि जमिनीचे मोल वर गेले.

समजा, एखाद्या कुळाचा सारा आजोबांच्या काळापासून वर्षाला २० शिलिंग आहे, आणि तीच जमीन नव्या खंडाने दिली तर १०० शिलिंग येतील. मधले ८० शिलिंग दरवर्षी कुळाच्या घरात राहतात. धन्याला हे सलते. पण साऱ्याला हात लावता येत नाही. मग तो बापाच्या मरणाची वाट पाहतो. नजराण्याला रूढीची मर्यादा नसेल तर कित्येक वर्षांचा फरक तो एका दिवसात मागू शकतो. मुलाजवळ तेवढा पैसा नसला तर जमीन सुटते, किंवा त्याला वहिवाटीचा हक्क सोडून ठरावीक वर्षांचा पट्टा पत्करावा लागतो. टॉनींच्या संशोधनाचे मर्म आमच्या मते येथे आहे. हक्क नांगरणीच्या दिवशी जात नाही. तो नूतनीकरणाच्या दिवशी जातो. त्या दिवशी कूळ एकटे उभे असते, आणि वहीत आकडा लिहिलेला आहे की कोरी जागा आहे यावर घराचे भवितव्य ठरते.

दुसरे संकट कुंपणांचे. इंग्लंडच्या लोकरीला आणि कापडाला गिऱ्हाईक होते. मेंढ्या राखावयास थोडे गडी पुरत. नांगराला पुष्कळ लागत. तेव्हा काही धन्यांनी शेते आणि गायराने कुंपणात घेऊन तेथे मेंढ्या सोडल्या. गावे ओसाड पडू नयेत म्हणून १४८९ पासून कायदे झाले, १५१७ साली चौकशी झाली, १५४८ साली पुन्हा झाली. परंतु हे कायदे अमलात आणणारे न्यायाधीश बहुधा त्याच जमीनदारांतले होते.

येथे टॉनींनी एक विवेक केला आहे, तो ध्यानात धरण्याजोगा आहे. सगळी कुंपणे सारखी नव्हती. पुष्कळ ठिकाणी शेतकऱ्यांनी आपसांत अदलाबदल करून, विखुरलेले तुकडे एकत्र आणून स्वखुशीने कुंपणे घातली. त्यात कोणाचे घर बुडाले नाही. तंटा झाला तो गायरान एकट्याने गिळले तेथे. एडविन गे या अभ्यासकाने चौकशीच्या कागदांवरून असा हिशेब काढला होता की, अशा रीतीने कुंपणात गेलेली जमीन एकूण जमिनीच्या शेकडा ३ सुद्धा भरत नाही. मग एवढा आकांत कशाचा? टॉनींचे उत्तर थोडक्यात असे की सरासरी सबंध देशाची असते, उपासमार मात्र एका गावाची असते. लहान शेतकऱ्याच्या चार एकरांना गायरानाचा आधार होता. गाय, सरपण, कोंबड्या सारे तेथून. गायरान गेले की ते चार एकरही टिकत नाहीत.

ही पार्श्वभूमी मनात धरून १५४९ च्या जुलैकडे वळू. नॉरफोकमधील वायमंडम गावी जत्रेस जमलेल्या लोकांनी आसपासची कुंपणे मोडावयास सुरुवात केली. रॉबर्ट केट हा तेथील पन्नाशी ओलांडलेला, चामडे कमावण्याचा धंदा असलेला, जमीनजुमला राखून असलेला मनुष्य. लोक त्याची कुंपणे मोडावयास आले, तेव्हा त्याने त्यांचे म्हणणे मान्य करून स्वतःची कुंपणे पाडली आणि त्यांचे पुढारीपण घेतले, असे वृत्तान्त सांगतात. नॉर्विच शहराबाहेरील माउसहोल्डच्या माळावर त्यांनी तळ दिला. समकालीनांनी त्यांची संख्या १६,००० सांगितली आहे. महसुली विभागांतून दोन दोन प्रतिनिधी निवडले गेले, एका ओकवृक्षाखाली न्यायसभा भरू लागली, आणि धान्य व जनावरे जमविण्यासाठी राजाच्या नावाने लेखी हुकूम निघाले. उन्माद झालेली माणसे पावत्या फाडीत बसत नाहीत.

त्यांनी राजाकडे २९ मागण्या पाठविल्या. त्या वाचून आम्हांस प्रथम आश्चर्य वाटले ते त्यांच्या साधेपणाचे. जमिनीचा भाव आणि खंड सातव्या हेन्रीच्या पहिल्या वर्षी, म्हणजे १४८५ साली, होता तसा असावा. धन्याने गावच्या गायरानावर आपली जनावरे चारू नयेत. नद्यांत मासे धरण्यास सर्वांना मोकळीक असावी. सर्व वेठबिगार मुक्त करावेत. जमीनदारांची सत्ताच नको, असे कोठेही म्हटलेले नाही. त्यांना वहीतला जुना आकडा हवा होता. ज्यांना अडाणी म्हटले त्यांना नेमके साल ठाऊक होते, आणि तेच आम्हांस सर्वांत बोलके वाटते.

सरकारने पहिली फौज पाठविली, ती ऑगस्टच्या आरंभी परतवली गेली. मग वॉरिकचा अर्ल भाडोत्री परदेशी सैनिकांसह मोठी फौज घेऊन आला. २७ ऑगस्टला डसिनडेल येथे कत्तल झाली. मेलेल्यांचा आकडा ३,००० च्या घरात सांगतात. ७ डिसेंबरला केटला नॉर्विचच्या किल्ल्याच्या भिंतीवरून फासावर लटकविण्यात आले, आणि त्याचा भाऊ विल्यम याला वायमंडमच्या चर्चच्या मनोऱ्यावरून.

टॉनींचे म्हणणे सर्वांनी जसेच्या तसे मान्य केले असे नाही. १९६९ साली एरिक केरिज यांनी कडाडून टीका केली. कॉपीहोल्डरला न्यायालयाचे संरक्षण होते, टॉनींनी त्याची असहायता वाढवून सांगितली, असा त्यांचा आक्षेप. यात तथ्य आहे. शतक सरत गेले तशी न्यायालये कुळाच्या हक्काची दखल अधिकाधिक घेऊ लागली, आणि नजराणा वाजवी असावा हे तत्त्वही पुढे रुजले. तथापि पुस्तकातला कायदा आणि कोर्टाच्या पायरीपर्यंत जाण्याचे त्राण या दोन गोष्टी निराळ्या. २०१३ साली, म्हणजे ग्रंथाला शंभर वर्षे उलटल्यावर, अभ्यासकांनी त्याच प्रश्नाचा पुन्हा विचार करणारा निबंधसंग्रह काढला. त्यांनी पुष्कळ तपशील दुरुस्त केला; पण प्रश्न टॉनींचाच ठेवला. ज्या प्रश्नाशी शंभर वर्षे झुंजावे लागते तो प्रश्न बरोबर विचारला गेला होता, असे समजण्यास हरकत नाही.

आमच्यासारख्या युनियनवाल्याला हे संशोधन परके वाटत नाही, याचे कारण सांगतो. एका कारखान्यात पाळी सुटण्यापूर्वी हात धुण्यासाठी दहा मिनिटे मिळत. ती कोणी दिली, केव्हा दिली, कोणास सांगता येईना. नवे व्यवस्थापक आले आणि म्हणाले, कागद दाखवा. मॅनरच्या न्यायसभेत वहिवाट ठरविताना गावातील सर्वांत वृद्ध माणसांची साक्ष घेत. आम्ही तीन निवृत्त कामगारांना पुढे केले. एका जुन्या पाळीपत्रकावर भोंग्याच्या दोन निरनिराळ्या वेळा छापलेल्या सापडल्या, तेव्हा कोठे तडजोड झाली. आपल्या १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात १९५६ च्या दुरुस्तीने कलम ९-अ आणि चौथे परिशिष्ट आले. रूढीने मिळणारी सवलत काढून घ्यावयाची किंवा वहिवाट बदलावयाची, तर आधी २१ दिवसांची नोटीस द्यावी, असे त्यात सांगितले होते. वहिवाट हाही हक्कच आहे, ही माउसहोल्डच्या माळावरची गोष्ट कायद्याच्या भाषेत यावयास इतकी शतके लागली.

आणि नूतनीकरणाचा दिवस तर आजही कोणाला चुकला आहे? ज्या कंत्राटी कामगाराचे कंत्राट दर काही महिन्यांनी संपते आणि पुन्हा लिहिले जाते, त्याची स्थिती धन्यापुढे नाव लावावयास उभ्या राहिलेल्या त्या पोरासारखीच आहे. काम तेच, यंत्र तेच. पण दर खेपेस तो नवा आणि एकटा. त्याच्याकडून कोणी नजराणा मागत नाही, इतकेच; रजा, बढती आणि तोंड उघडण्याची हिंमत यांच्या रूपाने तो वसूल होतो.

नॉर्विचच्या किल्ल्याच्या भिंतीवर १९४९ साली, बरोबर चारशे वर्षांनी, केटच्या स्मरणार्थ एक शिलालेख बसविण्यात आला. ज्या भिंतीवरून त्याला लटकविले त्याच भिंतीवर शहराने त्याला सामान्य जनांचा पुढारी म्हणून मान दिला. हे योग्यच झाले. परंतु शिलालेखाची वाट पाहण्यास चारशे वर्षे कोणाजवळ आहेत? टॉनींच्या ग्रंथातून आम्ही घेतलेला बोध त्याहून जवळचा आहे. जी सवलत आज तोंडी आहे ती भाव स्थिर असताना, धनी हसतमुख असताना लिहून घ्यावी. आणि आपल्या सोबत्याच्या नूतनीकरणाच्या दिवशी त्याच्या शेजारी जाऊन उभे राहावे.