बंधुत्वाच्या घटनेतला एक शब्द

सायकल चालविणाऱ्यांची मैत्री लवकर जुळते. रस्त्यात चेन उतरलेला अनोळखी माणूस दिसला की मागून येणारा सायकलस्वार थांबतो, पंक्चर झाले असेल तर आपला पंप काढून देतो. घाटात मागे पडलेल्यासाठी पुढचे वळणावर थांबतात. मोटारीच्या काचेआड बसणाऱ्यांच्या वाट्याला हे सुख येत नाही. पुणे, नाशिक, नागपूर अशा शहरांत आता रविवारी पहाटे हेल्मेट घातलेल्यांचे गट निघतात. त्यात डॉक्टर, इंजिनिअर, निवृत्त अधिकारी असतात. एकमेकांच्या अडीअडचणीला ते धावून जातात आणि हे स्वागतार्हच आहे. मात्र त्याच पहाटे, त्याच रस्त्याने, हँडलला डबा अडकवून सफाई कामगार, वॉचमन आणि बांधकाम मजूरही कामावर निघालेले असतात. तेही सायकलस्वारच आहेत. पण या दोघांत साधा नमस्कारही क्वचितच होतो. म्हणून आमचा प्रश्न असा आहे की, सायकलस्वारांच्या या बंधुत्वात कोण येतो, कोण येत नाही आणि हे ठरवितो कोण?

या प्रश्नाचे उत्तर अमेरिकेतील सायकलस्वारांच्या इतिहासात मिळते. तेथे १८८० साली 'लीग ऑफ अमेरिकन व्हीलमेन' ही संघटना स्थापन झाली. चांगल्या रस्त्यांसाठी तिने देशभर चळवळ उभारली. एकत्र सहली, संमेलने, शर्यती यांतून हजारो माणसे जोडली गेली. १८९८ च्या सुमारास तिची सदस्यसंख्या एक लाखावर पोहोचली होती. अशा या संघटनेने फेब्रुवारी १८९४ मध्ये लुईव्हिल येथील अधिवेशनात आपल्या घटनेत एक शब्द घातला, 'गोरा'. यापुढे फक्त गोऱ्यांनाच सदस्यत्व मिळेल असे ठरले. ठरावाच्या बाजूने १२७ आणि विरुद्ध ५४ मते पडली. कालपर्यंत सोबत पायडल मारणाऱ्यांनी काळ्या माणसाला बंधुत्वाबाहेर काढले, तेही रीतसर मतदान घेऊन! बहुमताने केलेला अन्याय हा अन्यायच असतो, हे आपल्या वाचकांना वेगळे सांगायला नको.

बोस्टनमधील कृष्णवर्णीयांच्या रिव्हरसाइड सायकल क्लबने याचा निषेध केला. त्याच शहरातील किटी नॉक्स ही तरुणी शिवणकाम करून पोट भरत असे. तिचे वडील कृष्णवर्णीय आणि आई गोरी. १८९५ साली ॲस्बरी पार्क येथील संमेलनाला ती गेली, तेव्हा तिच्या तेथे असण्यावरूनच वाद उसळला. परंतु ती १८९३ मध्येच सदस्य झालेली होती आणि नवा नियम पूर्वलक्षी प्रभावाने लागू होत नव्हता. त्यामुळे तिचे सदस्यत्व अबाधित राहिले. वकिली करणाऱ्या आम्हा लोकांना या मुद्द्याचे मोल कळते. एका कष्टकरी मुलीने नियमाचा आधार घेऊन आपली जागा सोडली नाही.

मेजर टेलर याची कहाणी तर याहून बोलकी आहे. १८७८ साली इंडियानापोलिस येथे जन्मलेल्या या कृष्णवर्णीय मुलातले गुण बर्डी मंगर या गोऱ्या माजी शर्यतपटूने ओळखले. टेलरला होणारा विरोध पाहून मंगरने त्याला आपल्यासोबत वूस्टरला नेले. दक्षिणेकडील अनेक मैदाने टेलरला बंद होती. १८९७ साली टाँटन येथील शर्यतीनंतर एका गोऱ्या स्पर्धकाने त्याचा गळा आवळून त्याला बेशुद्ध केले. शिक्षा काय, तर पन्नास डॉलर दंड, आणि तो पुन्हा शर्यतीत! तरीही १८९९ साली माँट्रियल येथे टेलर जगज्जेता झाला. १९३२ साली शिकागोत तो कंगाल अवस्थेत मरण पावला आणि गरिबांसाठी राखलेल्या जागेत पुरला गेला. १९४८ साली जुन्या शर्यतपटूंनी पुढाकार घेऊन त्याचे अवशेष सन्मानाने दुसऱ्या जागी पुरले. मंगरचा हात आणि या जुन्या खेळाडूंची कृतज्ञता ही सायकलस्वारांची खरी मैत्री होय. पण व्यक्तीच्या चांगुलपणाने संस्थेचा नियम बदलत नाही. 'गोरा' हा शब्द औपचारिकपणे रद्द व्हायला १९९९ साल उजाडावे लागले. म्हणजे तब्बल १०५ वर्षे!

अमेरिकेला नावे ठेवून आपण मोकळे होऊ शकत नाही. सवर्णांच्या आळीतून दलिताने सायकलवर बसून जायचे नाही, खाली उतरून ती हाताने ढकलत न्यायची, असा दंडक या देशातील कितीतरी गावांनी पाळला. तो कोणत्याही घटनेत लिहिलेला नव्हता, म्हणून तो रद्द करायला ठरावही आणता येत नव्हता. तमिळनाडू हे राज्यही त्याला अपवाद नव्हते.

त्याच तमिळनाडूतील पुदुकोट्टई जिल्ह्यात १९९१ पासून एक वेगळेच बंधुत्व उभे राहिले. 'अरिवोळी इयक्कम' या साक्षरता चळवळीत तत्कालीन जिल्हाधिकारी शीला राणी चुंकत यांनी अक्षरांबरोबर सायकलही शिकवायचे ठरविले. शेतमजूर, खाणीत दगड फोडणाऱ्या, अंगणवाडीत काम करणाऱ्या स्त्रिया मैदानावर उतरल्या. गावातल्या पुरुषांनी टोमणे मारले, पण त्या मागे हटल्या नाहीत. लेडीज सायकली कमी पडल्या तेव्हा त्यांनी जेन्ट्स सायकली घेतल्या. पुढच्या दांडीवर मूल बसविता येते, म्हणून अनेकींना त्याच बऱ्या वाटल्या. एक लाखाहून अधिक स्त्रिया सायकल शिकल्या, असे पत्रकार पी. साईनाथ यांनी नोंदविले आहे. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, काल शिकलेली बाई आज दुसरीला फुकट शिकवीत होती. पाणी आणणे, बाजार गाठणे, मुलाला शाळेत सोडणे यासाठी नवऱ्याची किंवा एस.टी.ची वाट पाहण्याची गरज उरली नाही.

सायकल तीच, दोन चाके तीच. एका ठिकाणी माणसांनी दार लावून घेतले, दुसऱ्या ठिकाणी उघडले. तेव्हा सायकल आपोआप माणसे जोडते या भ्रमात राहू नये. आपल्या वस्त्यांतील तरुणही आता सायकल गट काढीत आहेत. त्यांना आमचे सांगणे आहे की, टी-शर्ट छापण्याआधी नियम लिहा. जात, धर्म, लिंग, सायकलची किंमत यांवरून कोणालाही नाकारले जाणार नाही, हे पहिले कलम असू द्या. ज्या मुलीकडे सायकल नाही तिला देण्यासाठी गटाच्या वर्गणीतून दोन सायकली घ्या. आणि जो शिकला त्याने एकाला तरी शिकविलेच पाहिजे, हे शेवटचे कलम ठेवा.