गाडी बुटकी करताना

शाळेच्या प्रयोगशाळेत स्प्रिंगला वजने टांगून तिची वाढलेली लांबी मोजण्याचा प्रयोग बहुतेकांनी केलेला असतो. वजन दुप्पट केले की लांबीतली वाढ दुप्पट होते, आलेख सरळ रेषेत येतो आणि 'हूकचा नियम पडताळून पाहिला' असे वहीत लिहून आपण मोकळे होतो. रॉबर्ट हूकने हा नियम १६७८ साली उलगडून सांगितला. पण त्या सरळ रेषेच्या आधारे व्यवहारातला एखादा निर्णय घेता येतो का? येतो. त्यासाठी आम्ही जरा वेगळे उदाहरण निवडले आहे.

१९८९ साली माझदा या जपानी कंपनीने एमएक्स-५ नावाची दोन आसनांची, उघड्या टपाची छोटी स्पोर्ट्स कार बाजारात आणली. अमेरिकेत ती मियाटा म्हणून ओळखली जाते. २०१६ सालापर्यंत या गाडीच्या सर्व पिढ्या मिळून दहा लाख गाड्या तयार झाल्या. पहिल्या पिढीच्या गाड्या हौसेने जपणारे लोक अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये आजही आहेत. मूळ स्प्रिंगा काढून आखूड व कडक स्प्रिंगा बसवणे ही त्यांची आवडती सुधारणा. गाडी दोन-तीन सेंटीमीटर खाली बसते, झोकदार दिसते आणि वळणावर कमी कलते. शर्यतीच्या गाड्याही अशाच बुटक्या असतात. पण ज्याला ही गाडी रोजच्या रस्त्यावर चालवायची आहे, त्याने ती किती खाली आणावी?

फायदा नेमका किती?

गाडी वळते तेव्हा आतल्या चाकांवरचा भार कमी होतो आणि तेवढाच बाहेरच्या चाकांवर वाढतो. भाराची ही अदलाबदल जितकी कमी, तितकी चारही टायरांची मिळून पकड चांगली. ती काढण्याचे सूत्र सोपे आहे: गाडीचे वस्तुमान × वळणाचे त्वरण × गुरुत्वमध्याची उंची ÷ डाव्या-उजव्या चाकांमधील अंतर.

आपली गाडी दोन माणसांसह सुमारे ११०० किलोग्रॅमची आहे, चाकांमधील अंतर १.४ मीटर आहे आणि गुरुत्वमध्य अर्ध्या मीटरवर आहे असे धरू. वळणाचे त्वरण गुरुत्वत्वरणाच्या ०.८ पट घेतले, तर सुमारे ३०८० न्यूटन भार बाहेर सरकतो. गाडी ३० मिलिमीटर खाली आणली तर २८९५ न्यूटन. म्हणजे फायदा फक्त सहा टक्के!

वरच्या सूत्रात स्प्रिंगच्या कडकपणाला कुठेच जागा नाही, हेही विद्यार्थ्यांच्या लक्षात आणून द्यावे. कडक स्प्रिंगमुळे गाडी कमी कलते. पण एकूण किती भार सरकणार, हे जवळजवळ पूर्णपणे उंची व रुंदीच ठरवतात.

आणि किंमत?

गाडी रस्त्यावर नुसती उभी असतानाही स्प्रिंग काही प्रमाणात दबलेली असते. खड्डा किंवा उंचवटा आला की ती आणखी दबते. हा वाव संपला की चाकाची दांडी एका रबरी ठोकळ्यावर आपटते. याला बंप स्टॉप म्हणतात. मूळ गाडीत हा वाव ७० मिमी आहे, चाकापाशी मोजलेला कडकपणा मिलिमीटरला २० न्यूटन आहे आणि प्रत्येक चाकाच्या स्प्रिंगवर २४० किलोग्रॅम भार आहे असे समजू.

दबलेल्या स्प्रिंगमध्ये साठणारी ऊर्जा = ½ × कडकपणा × (दाब)². गाडीचे वजन स्प्रिंगने आधीच पेललेले असल्याने दाब समतोल स्थितीपासून मोजायचा. म्हणजे ठोकळ्यावर आदळण्यापूर्वी मूळ स्प्रिंग ४९ ज्यूल ऊर्जा झेलते. गाडी ३० मिमी खाली आणली की वाव ४० मिमी उरतो. कडकपणा तोच ठेवला तर आता झेलली जाणारी ऊर्जा फक्त १६ ज्यूल. वाव निम्म्याहून थोडा अधिक उरला, पण झेलण्याची क्षमता मात्र एक तृतीयांशावर आली. वर्गाचा हा परिणाम आहे.

'मग स्प्रिंग कडक घेऊ' असे कोणी म्हणेल. पुन्हा ४९ ज्यूल झेलायचे तर कडकपणा (७० ÷ ४०)², म्हणजे तिप्पट हवा: मिलिमीटरला ६१ न्यूटन. गाडीची वरखाली आंदोलने कडकपणाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात जलद होतात. मूळ गाडी सेकंदाला सुमारे १.४५ आंदोलने करत होती, आता २.५ करील. सामान्य मोटारींत हा आकडा १ ते १.५ असतो. अडीच म्हणजे शर्यतीच्या गाडीचा हिसका. गुळगुळीत रस्त्यावर तो सोसतो, पण खडबडीत रस्त्यावर चाक उसळून टायरची पकडच सुटते.

तीच गाडी १५ मिमी खाली आणली तर? वाव ५५ मिमी, आवश्यक कडकपणा ३२ न्यूटन आणि आंदोलने सेकंदाला १.८५. ताठर, पण रोज चालवता येईल अशी गाडी.

खरा धोका कुठे आहे?

आराम कमी झाला एवढ्यावर भागत नाही. खाली आणलेली गाडी ओल्या रस्त्यावर वळण घेत आहे आणि मध्येच उंचवटा आला अशी कल्पना करा. बाहेरचे मागचे चाक ठोकळ्यावर आपटते आणि क्षणात त्या कोपऱ्याचा कडकपणा कित्येक पट होतो. मागच्या बाजूच्या भाराचा मोठा वाटा एकाच टायरवर येतो, त्याची पकड सुटते आणि गाडी गर्रकन फिरते. पकड वाढवण्यासाठी केलेल्या बदलानेच पकड जाते.

दुसरा धोका उलट दिशेचा. ६१ न्यूटनची स्प्रिंग गाडीच्या वजनाने जेमतेम ३९ मिमी दबते. चाक त्याहून अधिक खाली लोंबले तर स्प्रिंग सैल होऊन बैठकीतून सरकू शकते. पैसे वाचवण्यासाठी मूळ स्प्रिंगची वेटोळी कापणाऱ्यांना हा धोका विशेष. सहा वेटोळ्यांपैकी एक कापले तर कडकपणा फक्त १.२ पट होतो, पण वाव मात्र बराच घटतो. शिवाय कापलेले टोक बैठकीत नीट बसत नाही.

गतिरोधकाचाही हिशोब करावा. ब्रिटनच्या वाहतूक व रस्ते संशोधन प्रयोगशाळेत वॉट्स यांनी १९७३ साली अभ्यासलेला गोलाकार गतिरोधक सुमारे ३.७ मीटर लांब व १० सेंमी उंच आहे. भारतीय रोड काँग्रेसनेही जवळपास हेच माप सुचवले आहे. हा १७ मीटर त्रिज्येच्या वर्तुळाचा कंस होय. एमएक्स-५ च्या पुढच्या-मागच्या चाकांत २.२६५ मीटर अंतर आहे. दोन्ही चाके कंसावर असताना गाडीच्या मध्याखाली रस्ता किती वर येतो? अंतराचा वर्ग ÷ (८ × त्रिज्या), म्हणजे ३८ मिमी. आपल्या रस्त्यांवरचे मनमानी उंचवटे या हिशोबात बसत नाहीत, हे वेगळे सांगायला नको.

निवड करताना

पुस्तिकेत छापलेला कडकपणा स्प्रिंगचा असतो, चाकापाशी जाणवणारा नव्हे. चाक १० मिमी वर गेल्यावर स्प्रिंग ७ मिमीच दबत असेल, तर चाकापाशी कडकपणा ०.७ × ०.७, म्हणजे निम्माच भरतो. दुसरे म्हणजे शॉक ॲब्सॉर्बर. कडकपणा १.६ पट केला की आंदोलने शमवण्याची ताकदही सुमारे १.२७ पट लागते. तीस वर्षे वापरलेल्या शॉक ॲब्सॉर्बरवर नवी कडक स्प्रिंग चढवणे व्यर्थ. म्हणून क्रम असा असावा: आधी उरणारा वाव मोजावा, त्यावरून कडकपणा ठरवावा, मग शॉक ॲब्सॉर्बर निवडावा. रूप शेवटी.

वर्गात करून पाहा

वेटोळी एकमेकांना चिकटलेली नाहीत अशी लांब, मऊ स्प्रिंग घ्या. ती सुमारे १२ सेंमी ताणली जाईल एवढे वजन टांगा आणि हलकेच खाली ओढून सोडा. दहा आंदोलनांना सुमारे सात सेकंद लागतील. आता स्प्रिंगचा वरचा दोन तृतीयांश भाग चिमट्याने धरून तेच वजन उरलेल्या एक तृतीयांशावर लोंबू द्या. ताण ४ सेंमी होईल आणि दहा आंदोलने चारच सेकंदांत होतील. सोपा नियम असा: ५ ला सेंटीमीटरमधील ताणाच्या वर्गमुळाने भागले की सेकंदाला होणारी आंदोलने मिळतात.

पहिली स्प्रिंग म्हणजे कारखान्यातून आलेली गाडी, दुसरी म्हणजे ३० मिमी बुटकी केलेली. सहा टक्के फायद्यासाठी कुठल्या गाडीत बसायचे, ते विद्यार्थ्यांनाच ठरवू द्या.